पौषातल्या लग्नाचं टेबल

आक्काचं लग्न पौषात झालं. पौषात कुणी लग्न करत नाही, म्हणूनच आम्ही केलं. मुहूर्त मानायचा नाही हे आमच्या घरात कधीचं ठरलेलं होतं. त्यात एक सोयही होती, ती मात्र आण्णा कुठल्या पत्रकात लिहीत नसत. पौषात मांडववाला मोकळा असतो, स्पीकरवाला आपण होऊन दारात येतो आणि आचारी भाव खात नाही.

आण्णा म्हणजे आमचे वडील. इस्लामपुरातल्या एका छापखान्यात ते खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचे. दिवसा लोकांच्या लग्नपत्रिका आणि दुकानांची पावतीपुस्तकं, संध्याकाळी चळवळीची पत्रकं. हुंड्याविरुद्ध, भोंदू बाबांविरुद्ध, पाण्याच्या वाटपासाठी. शाई फिसकटलेली, वेलांटी चुकलेली पत्रकं गठ्ठ्यानं घरी येत आणि त्यांवरच मी वाढले. बाकीच्या पोरींनी आयुष्यातलं पहिलं वाक्य बदकाचं किंवा कमळाचं वाचलं असेल. मी वाचलं ते ‘बंधूंनो आणि भगिनींनो, विचार करा!’ उद्गारचिन्हासकट. त्यामुळे मी पाण्याचा तांब्या मागितला तरी निवेदन दिल्यासारखं वाटतं, असं आई म्हणायची. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. अजूनही वाटत नाही.

आक्का माझी मोठी बहीण, आणि स्वभावानं अगदी उलटी. पत्रक हातात आलं की ती ते वाचायची, आणि वाचून झालं की कागद उजेडाकडं धरून बघायची. “ह्यो गुलाबी लय चिवट हाय,” म्हणायची. “पिवळ्याला घडी घातली की चिरतोय.” मी चिडायची. देशात काय चाललंय, मजकूर काय, आणि ही बघते काय!

घरात टेबल एकच होतं, आण्णांचं. त्यावर पत्रकांचे गठ्ठे, दाभण, सुतळी, आणि एका कोपऱ्यात आक्काचं काहीतरी. कधी शेंगांच्या टरफलांची बदकं, कधी मक्याच्या सालीची बाहुली, कधी नुसत्या चिंचोक्यांची रांग. शेजारच्या बायका यायच्या, वाकून बघायच्या आणि विचारायच्या, “सांगलीस्नं आनलंस का गं?” ही त्यांची मोठ्यात मोठी शाबासकी. सांगलीच्या बाजारात त्या वर्षांत प्लास्टिकच्या फुलांचं पीक आलं होतं. ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या टीव्हीवर फुलदाणी, फुलदाणीत प्लास्टिकचे गुलाब, आणि गुलाबांवर प्लास्टिकचेच दवाचे थेंब. मला त्या थेंबांचा विशेष राग होता. खोट्या फुलावर खोटं पाणी, आणि खऱ्या पाण्यासाठी लोक मोर्चे काढतायत! शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी हे बोलले होते. टाळ्या पडल्या, नंबर आला नाही.

नवरा मुलगा कवठे महांकाळकडचा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक. त्याला आई नव्हती, आत्यानं वाढवलेला. त्यामुळे बोलणी करायला आत्याबाई पुढं आणि बाकीचे पुरुष मागं चहा पीत, असं दृश्य होतं. मला बाई आवडली. हुंड्याचा विषय तिनंच निघू दिला नाही. सगळं ठरलं, सुपारी फुटली नाही कारण आमच्यात ती फोडत नाहीत, आणि उठता उठता तिनं सहज विचारलं, “आन रुखवतात काय काय मांडनार?”

आण्णांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजायचं, आता पत्रक सुरू. “आमच्यात रुखवत नसतं,” ते म्हणाले.

रुखवत कुणाला माहीत नाही? मुलीकडच्यांनी मांडवात टेबलं लावायची आणि पोरीबरोबर काय काय चाललंय ते जगाला दाखवायचं. एका बाजूला नावं घातलेली स्टीलची भांडी, दुसऱ्या बाजूला पोरीनं केलेल्या वस्तू. सुपारीचे नवरा-नवरी, मण्यांचं तुळशीवृंदावन, लोकरीचा पोपट. मग वराकडच्या बायका फिरतात, उचलून बघतात, भांडं वाजवून बघतात, आणि जेवताना त्यावर बोलतात. आण्णांचं म्हणणं, हा मुलीच्या बापाचा जाहीर लिलाव आहे. माझंही तेच म्हणणं होतं.

“बरं,” आत्याबाई म्हणाल्या. “नसंल तर नसूं दे. आमच्या गल्लीतल्या बायका इचारतील म्हून म्हनलं.” आणि त्या गेल्या. विषय संपला असं आण्णांना वाटलं.

तो संपला नव्हता, कारण आक्का जेवली नाही.

आमच्या घरात मोठा प्रश्न निघाला की बैठक व्हायची. आण्णा अध्यक्ष, मी लिहून घेणार, आई चुलीपाशी बसूनच हजर. बैठकीत आण्णा शुद्ध बोलत. “विषय क्रमांक एक,” ते म्हणाले. “रुखवत. कुणाला काही मांडायचं आहे?”

“मलाच मांडायचंय,” आक्का म्हणाली, “पन तुमी मांडूं दिना.”

आई हसली. आण्णा हसले नाहीत. “सविस्तर बोला,” ते म्हणाले. बैठकीत पोटच्या पोरींनाही ते अहोजाहो करत.

आक्काला सविस्तर बोलायची सवय नव्हती. ती पदराशी चाळा करत म्हणाली, “मला भांडी नकोत. नाव घातल्यालं पातेलं नको. माज्या हातचं काय तरी चार मान्सांम्होरं ठेवायचं हाय. एकदाच. दहावी झाल्यापास्नं मी ह्या कोपऱ्यात करतीया, आन पत्रकं आली की उचलून खाली ठेवतीया. लग्नात तरी टेबलावर ऱ्हाऊं दे की.”

मी लिहायचं थांबले होते. मला पहिल्यांदाच असा प्रश्न पडला ज्याचं उत्तर आमच्याकडच्या एकाही पत्रकात नव्हतं. सजावट आणि प्रदर्शन यांत फरक काय? भांडं दाखवणं म्हणजे ऐपत दाखवणं, हे ठीक. पण शेंगांच्या टरफलाचं बदक कसली ऐपत दाखवतं? आणि ऐपत दाखवायची नसेल, तर माणूस दाखवतो तरी काय?

“रुखवत मांडलं तर उद्या मी हुंड्याविरुद्धचं पत्रक कुठल्या तोंडानं छापू?” आण्णा आईकडं बघून म्हणाले.

“तोंडानं कशाला छापताय? हातानंच छापता की,” आई म्हणाली. “तिचंबी हातच हायत.”

मग मी उपसूचना मांडली. मला उपसूचना मांडायला फार आवडायचं. आमच्या बौद्ध पद्धतीच्या लग्नात एक टेबल असतंच. पांढऱ्या कापडाचं, बुद्धाच्या मूर्तीचं आणि तसबिरीचं, ज्याच्यापुढं वंदना होते. रुखवताचं टेबल लावायचं नाही, पण हे टेबल आक्कानं सजवायचं. अट एकच, विकत आणलेलं काही नाही. घरात, रानात, छापखान्यात जे टाकून देतात तेवढंच.

“अनुमोदन?” आण्णांनी विचारलं.

“व्हय,” चुलीपासून आवाज आला.

आम्ही तिघी एकीकडं आणि अध्यक्ष एकटे. ठराव संमत झाला. आण्णांनी चष्मा घातला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

त्यानंतरचे दिवस मी आक्काच्या मागं मागं होते. मदत करायला म्हणावं तर मी काही धड करत नव्हते. मला बघायचं होतं. टाकलेल्या वस्तूची शोभेची वस्तू नेमकी कुठल्या क्षणी होते? मी डोळे लावून बसायची आणि तो क्षण दर वेळी निसटायचा. लसणाच्या पांढऱ्या साली सुपात पडलेल्या असायच्या, कचराच. आक्का त्यांतल्या मोठ्या, न फाटलेल्या निवडायची, खराट्याच्या काडीच्या टोकाला हळदीत भिजवलेला कापूस गुंडाळायची आणि एकेक साल त्याभोवती धरून दोऱ्याचा वेढा द्यायची. एक साल, अजून कचरा. दोन, तीन, कचरा. मग ती काडी बोटांत गिर्रकन फिरवायची आणि फूल झालेलं असायचं. आरपार दिसणारं, कमळाच्या जातीचं.

“कवा झालं गं?” मी विचारायची.

“काय?”

“फूल. कवा झालं?”

“तू भाशान करत हुतीस तवा.”

पिंपळाची जाळीदार पानं सगळेच करतात म्हणून तिनं केली नाहीत. टेबलाच्या कडेला लावायची झालर छापखान्यातल्या कात्रणांची. कागदाच्या रिमा कापताना ज्या बारीक रंगीत पट्ट्या निघतात त्या आण्णा पोत्यात भरून बंब पेटवायला आणायचे. आक्का दाभणाभोवती पट्टी घट्ट गुंडाळायची, सैल सोडायची, की चकती तयार. चकत्यांना चकत्या चिकटवून तिनं वीतभर रुंदीची जाळी केली. खळ मैद्याची, आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे झुरळं खात नाहीत. हे तिला आण्णांनीच सांगितलं, तेही भिंतीकडं बघून. “बाइंडिंगवाले घालतात,” एवढंच म्हणाले. मोरचुदानं खळ निळसर झाली, आक्काची बोटंही. आमच्यात हळद लागायची नव्हतीच, निळं लागलं.

मेणबत्त्यांसाठी तिनं अंड्यांची अर्धी टरफलं धुऊन ठेवली होती. खरखरीत, पांढरी, आत उजेड पडला की गुलाबी होणारी. ती बघून आण्णांनी बैठक बोलावली. प्राणिहत्या न करण्याची शपथ घेताना समोर अंड्याची टरफलं, हे तत्त्वात बसतं का? आई म्हणाली, “कालच्याला चार अंडी कुनी खाल्ली?” आण्णा म्हणाले, खाणं वेगळं आणि तत्त्वासमोर मांडणं वेगळं. मला ते पटलं नाही आणि मी तसं नोंदवून ठेवलं. पण आक्कानं वाद घातला नाही. टरफलं उचलली, करवंट्या आणल्या आणि फुटक्या काचेनं घासायला बसली. घासून घासून करवंटी अशी काळी तुकतुकीत केली की मी तिच्यात तोंड बघितलं. मग म्हणाली, “ह्येच बरं. टरफलं वाऱ्यानं पडली असती.” तत्त्वाचा विजय झाला की वाऱ्याचा, मला कळलं नाही.

राहिले तुरे. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी उंच हवं होतं, आणि आमच्याकडं पौषात उंच म्हणजे उसाचा तुरा. तुरा बघायला सुंदर, पण शेतकऱ्याच्या कपाळाला आठी. तुरा आला की उसाचं वजन घटतं. त्यामुळे शेजारच्या रानात तुरे मागायला गेलो तर मालक म्हणाला, “तुरंच कशाला, आख्खा ऊस न्या की. कारखाना तर तोड देईना.” आक्का बांधावरून चालत नेमके न उमललेले तुरे शोधत होती. घट्ट मिटलेले, रेशमासारखे, किंचित जांभळे. उमललेल्यांकडं तिनं बघितलंही नाही. पिकलेला तुरा म्हणजे कापसाची म्हातारी, फुंकर मारली की गेला. मिटलेला कापून सावलीत उलटा टांगला की तसाच राहतो. असे तिनं चारच आणले आणि आढ्याला बांधले.

लग्नाच्या दिवशी सकाळी समाजमंदिरापुढच्या मांडवात आम्ही दोघी टेबल लावत होतो. टेबल आण्णांचंच, पाय हलणारं, खाली लाकडाची ढलपी. आईची पांढरी चादर, कडेला कात्रणांची जाळी, करवंट्यांत मेणबत्त्या, पुढं लसणाची फुलं उभी केलेली वाळूच्या ताटात. दोन्ही बाजूंना दोन दोन तुरे. आक्का मागं सरून बघत होती, पुढं येऊन एक फूल नखाएवढं सरकवत होती, पुन्हा मागं. नवरी मुलगी अजून न्हालेली नव्हती.

तेवढ्यात बांधाकडून आण्णा आले. दोन्ही हातांत मावत नव्हते एवढे तुरे. सगळे पूर्ण उमललेले, पांढरे, फुललेले, त्यांच्या डोक्याच्याही वर गेलेले. केसांत, मिशीत, चष्म्यावर म्हाताऱ्या चिकटलेल्या. ठराव झाल्यापासून त्यांनी या सजावटीला स्वतः हात लावला नव्हता. आता धापा टाकत म्हणाले, “ते चार किरकोळ दिसतात गं. हे भारी दिसतील.” आणि टेबलाला टेकवून ठेवून आचाऱ्याकडं निघून गेले.

आण्णांना शिशाचे खिळे कळत. उसाचं त्यांना काही कळत नव्हतं.

आक्कानं आपले चार काढले आणि आण्णांचे लावायला घेतले.

“आक्का, ह्ये उडनार,” मी म्हणाले.

“म्हायताय.”

“मग?”

“आण्णांनी आनलेत.”

मला हा मुद्दा म्हणून मान्य नव्हता. मी तसं बोललेही. तिनं माझ्या हातात सुतळी दिली आणि म्हणाली, “बडबड कर, पन गाठ मार.”

दुपारी वऱ्हाड आलं. कवठे महांकाळहून टेम्पोत उभं राहून आलेली माणसं, तोंडावर धूळ. आत्याबाई उतरल्या त्या थेट टेबलापाशी आल्या, पण तेवढ्यात लग्न लावणारे बौद्धाचार्य उभे राहिले आणि सगळे खाली बसले. आक्का पांढऱ्या साडीत, नवऱ्या मुलाच्या अंगात गडद निळा कोट. वंदना झाली, पंचशील झालं, शपथा झाल्या. वारा नव्हता. आण्णा टेबलाशेजारी उभे, हात मागं बांधून, तुऱ्यांकडं अधूनमधून बघत. मला वाटलं, निभावलं.

मग हार घातले गेले, मंगलगाथा सुरू झाली, आणि आमच्यात अक्षता नसतात म्हणून लोकांनी झेंडूच्या पाकळ्या उधळल्या. त्या थेट तुऱ्यांवर.

असं काही मी त्याआधी बघितलं नव्हतं. पहिल्यांदा एक धुरासारखं उठलं. मग ते पसरलं, आणि टेबल, मूर्ती, नवरा-नवरी सगळं पांढऱ्या म्हाताऱ्यांच्या ढगात गेलं. बौद्धाचार्यांनी गाथेसाठी तोंड उघडलं होतं, ते तसंच खोकायला लागले, आणि स्पीकरमुळं ते खोकणं गावभर ऐकू गेलं. निळा कोट बघता बघता मेंढीच्या पाठीसारखा झाला. एक म्हातारी करवंटीतल्या मेणबत्तीवर भप्प करून पेटली आणि विझली.

आण्णांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. पत्रकांपायी एकदा पोलीस दारात आले होते, तेव्हाही नाही. हातातला रुमाल त्यांनी बौद्धाचार्यांना देऊ की जावयाचा कोट झटकू, या विचारात तसाच धरलेला. आक्का खाली बघत उभी. आता वराकडचे काय म्हणणार? तिचं टेबल, एकदाच मिळालेलं, आणि सगळ्यांच्या मनात ते असंच राहणार.

आत्याबाई उठल्या. पदरावरची एक म्हातारी चिमटीत धरली, डोळ्यांसमोर नेली. “आगं बया,” त्या म्हणाल्या, “रुखवत न्हाई म्हनाले आन आंगावरच पाठीवलं की!”

आधी त्यांच्याकडच्या बायका हसल्या, मग आमच्याकडच्या. नवरा मुलगा हसला. बौद्धाचार्य खोकता खोकता हसले, आणि पाणी पिऊन उरलेली गाथा त्यांनी पुरी केली. सगळे म्हणाले, साधू, साधू, साधू. लग्न लागलं.

लोक जेवायला वळले, पण आत्याबाई टेबलापाशीच. “ह्ये कशाचं म्हनायचं?”

“उसाचा तुरा,” मी म्हणाले.

“आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, ऊस कुठनं बघावा? त्ये न्हाई, ह्ये फूल.” त्यांनी एक फूल उचलून नाकाशी नेलं आणि मान झटकली. “लसूण?”

“सालं हायत,” आक्का म्हणाली. आवाज जेमतेम.

“आन ह्ये काळं चकचकीत?”

“करवंटी.”

“आन ही जाळी?”

बायका गोळा झाल्या. उचलून बघू लागल्या, नखानं खरवडून बघू लागल्या. अगदी रुखवत बघतात तशाच. आण्णा घाईनं पुढं आले. “हे रुखवत नाही हं,” ते म्हणाले.

“मग काय हाय, आण्णा?” आत्याबाईंनी विचारलं.

आण्णांनी चष्मा काढला, काचेवरची म्हातारी पुसली. “टेबल आहे,” शेवटी म्हणाले. “माझ्या पोरीनं केलंय.”

“दिसतंय की,” आत्याबाई म्हणाल्या आणि आक्काकडं वळल्या. “ए पोरी, ह्या काडीवर सालं ऱ्हात्यात कशी, त्येवढं दाव. आमच्या गल्लीतल्या बाया डोकं खात्याल माजं.”

आक्का तिथंच सतरंजीवर बसली. पांढरी साडी, गळ्यात हार, डोक्यावर तुऱ्याच्या म्हाताऱ्या. फूल सोडवून तिनं दोऱ्याचा वेढा दाखवला, आत्याबाईंचा अंगठा धरून नेमका कुठं दाबायचा ते दाखवलं. चार-पाच बायका गुडघे टेकून बसल्या. आईनं जेवायला बोलावलं, कुणी उठलं नाही. टेम्पोवाला हॉर्न वाजवू लागला.

“पन आत्याबाई,” आक्का म्हणाली. आता आवाज नेहमीचा होता, आमच्या कोपऱ्यातला. “तुमच्याकडं लोक काय काय टाकून देत्यात?”

“टाकून?” बाई विचारात पडल्या. “टाकायला हाय काय आमच्याकडं?”

“द्राक्षाच्या पेट्यातली कागदाची कात्रनं,” एक म्हणाली.

“जोंधळ्याची भेंडं. पोरं गाड्या करत्यात.”

“बाभळीच्या शेंगा, पोत्यानं.”

“करडईची बोंडं. काट्याची. कोन हात लावतंय?”

“करडईची?” आक्का पुढं सरकली. “वाळल्यावर रंग ऱ्हातोय त्यांचा?”

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. आत्याबाईंनी मान हलवली.

“कुनाला ठावं, बाई. आमी जाळतोय. तू आल्यावर बघूं.”